बावखलाची माती, ब्रॅम्प्टनचा उजेड

बुद्धाचे डोळे कपाळावर चढले तेव्हा सुधाकरभाऊ माझ्या पडवीत चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "अँथनीभाऊ, हे असंच ठेवायचंय का?"

"असंच कसं ठेवीन?" मी खेकसलो. "माती आकसलीय. मातीच ती, आकसणारच!"

खेकसायला नको होतं. माणूस सज्जन, विरारहून रिक्षा बदलत बदलत आलेला. पण माझं हे असंच आहे. चूक माझी असली की आवाज माझाच चढतो. माझी बायको मार्था होती तेव्हा म्हणायची, "ओरडताय म्हणजे नक्की तुम्हीच सांडलंय." मार्था जाऊन तीन वर्षं झाली. आता मी कितीही ओरडलो तरी कोणी काही म्हणत नाही.

भुईगावात मला गोठेवाला अँथनी म्हणतात. गाईगुरांचा नाही हो, नाताळचा गोठा. येशूचा जन्म गोठ्यात झाला म्हणून आमच्याकडे नाताळात घरोघरी तो देखावा करतात, स्पर्धा लागतात, लांबलांबून लोक गाड्या काढून बघायला येतात. मी वाडीतल्या बावखलातली, म्हणजे आमच्या तळ्यातली, चिकणमाती काढायचो. त्यात भाताचं तूस घालून पायाने मळायची, बांबू आणि पेंढ्याचा सांगाडा करायचा, त्यावर मेंढपाळ, उंट, राजे, सगळे उभे करायचे. पुढे माझा पोरगा केनी ॲनिमेशन शिकायला लागला आणि त्याने माझ्या गोठ्याच्या डोंगरामागे प्रोजेक्टर लावला. पांढऱ्या कापडावर आभाळ, आभाळात हळूहळू सरकणारा तारा. झालं! लोक केनीच्या आभाळापुढे गर्दी करायचे, माझ्या मेंढ्यांना कुत्रं विचारत नव्हतं. मी वरवर चिडायचो. आतून इतका आनंद व्हायचा की काय सांगू.

मग केनी कॅनडाला गेला. ब्रॅम्प्टन म्हणून गाव आहे, तिथे एका गोडाऊनमध्ये रात्रपाळी करतो. ॲनिमेशन-बिॲनिमेशन सगळं राहिलं. दर रविवारी फोन यायचा. जेवलात का, जेवलो. गोळ्या घेतल्या का, घेतल्या. थंडी आहे का, आहे. पाच मिनिटांत दोघांचंही बोलणं संपायचं आणि मी फोन टेबलावर उलटा ठेवायचो. मग पुढचा रविवार येईपर्यंत घरात आवाज म्हणजे पंख्याचा आणि माझ्या कोंबड्यांचा. गोठा करणंही मी सोडून दिलं होतं. एकट्याने करायचा तर कोणासाठी?

फेब्रुवारीत सुधाकरभाऊ आले ते असे अवचितच. एसटीतून निवृत्त झालेला माणूस, विरार पूर्वेला त्यांच्या वसाहतीतल्या बुद्धविहाराचं काम बघतो. म्हणाले, फार वर्षांपूर्वी तुमच्या गोठ्यातलं आभाळ बघितलं होतं, अजून डोळ्यांपुढे आहे. विहारात मोठी मूर्ती आहे, पण शेजारी एक छोटी खोली आहे, शांत बसायला. वैशाख पौर्णिमेला तिथे काहीतरी करायचंय. हाताने केलेलं आणि उजेडाचं, दोन्ही.

"मी कॅथलिक माणूस," मी म्हणालो. "बुद्धाचा चेहरा मला काय ठाऊक?"

"मेंढपाळाचा तरी कुठे ठाऊक होता?" ते म्हणाले. "तुम्ही आणि तुमच्या मुलाने मिळून करा."

मिळून. त्या एका शब्दासाठी मी होकार दिला. बाकी काही मला ऐकूच आलं नाही.

त्या संध्याकाळी रविवार नसताना मी केनीला फोन लावला. आधी घाबरला बिचारा, म्हणाला, "पप्पा, काय झालं?" मी सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज बदलला. म्हणाला, "पप्पा, तुम्ही फक्त चेहरा करा. डोळे करू नका. डोळ्यांच्या जागी नुसते खळगे ठेवा. डोळे मी उजेडाचे करतो. अर्धे मिटलेले. माणूस श्वास घेतो ना, त्या लयीत पापणी जरा उचलेल, जरा मिटेल. कोणाला पटकन कळणारही नाही." तो बोलतच राहिला. किती वेळ बोललो ठाऊक नाही, पण इकडे अंधार पडला आणि कोंबड्या कोंडायच्या राहिल्या.

सुधाकरभाऊंची मुलगी उन्नती मालाडला एका स्टुडिओत कामाला आहे. तिने येऊन पडवीत प्रोजेक्टर बसवला. त्याला एक काळा डबा जोडला. म्हणाली, "अंकल, या डब्याला इंटरनेट आहे. केनी तिकडे बसून डोळे हलवेल, हवे तिथे नेईल. तुम्ही फक्त फोन समोर धरा, म्हणजे त्याला चेहरा दिसेल." पोरगी हुशार. आठवडाभर तिने मला जुन्या लेण्यांमधल्या मूर्तींचे फोटो पाठवले, कारण माझा पहिला चेहरा चक्क संत जोसेफसारखा झाला होता. सुधाकरभाऊ बघून म्हणाले, "छान आहे, पण आत्ताच दाढी करून आल्यासारखा वाटतो." मी चिडलो, मग हसलो, मग चेहरा मोडला आणि पुन्हा केला. दुसरा मात्र जमला. उंची माझ्या छातीएवढी, गाल भरलेले, ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू.

चूक मी वेगळीच केली होती. गोठा नाताळपासून जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत टिकला की झालं, म्हणून आम्ही गोठेवाले माती कधी भाजत नाही, नीट सुकूही देत नाही. ओली माती थापायची, रंग मारायचा, मोकळं व्हायचं. मेंढपाळाचं नाक दोन दिवसांत बोटभर खाली बसलं तरी कोण बघतंय? त्याच सवयीने मी बुद्धाची माती पाणी घालघालून मऊ केली. पण उजेड काही मातीबरोबर खाली बसत नाही. केनीने डोळे अगदी खळग्यात बसवले, माती सुकली, चेहरा खाली बसला आणि डोळे राहिले वर. म्हणून ते कपाळ. म्हणून सुधाकरभाऊंचा तो थंड झालेला चहा.

मी केनीला फोन केला. "सरकले रे."

"काही हरकत नाही पप्पा, धरा फोन."

पुन्हा तास-दीड तास. डावीकडे घ्या, जवळ या, सावली कुठे पडतेय? मध्येच तो म्हणाला, मम्मी नाताळात फुगे तळायची ना, ते मी इथे करून बघितले. मैद्याचे गोळे नुसते, आत कच्चे, बाहेर कोळसा. आम्ही दोघं हसलो. मार्थाचा विषय तिच्या दफनानंतर पहिल्यांदा निघाला होता, आणि तोही हसत. मी फोन धरून उभा होतो, हात भरून आला होता, पण खाली करवेना.

चार दिवसांनी माती अजून सुकली, डोळे पुन्हा चढले, पुन्हा फोन. मग माझ्या डोक्यात आलं ते आलंच.

माती सुकली की हे संपणार. डोळे एकदा खळग्यात बसले की केनी म्हणणार, झालं पप्पा, आणि पुन्हा रविवार. जेवलात का, जेवलो.

मी गोणपाट भिजवलं आणि चेहऱ्याभोवती गुंडाळलं. माती पाणी प्यायली, फुगली. मग फोन करून केनीकडून डोळे बसवून घेतले. गोणपाट काढलं. उन्हाने माती बसली, डोळे चढले. की पुन्हा फोन! लबाडी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मार्च गेला, एप्रिल अर्धा गेला, मी आठवड्यातून दोनदा पोराशी बोलत होतो आणि मला भूकसुद्धा नीट लागायला लागली होती.

शेजारची सालोमी, माझ्या चुलतभावाची बायको, कालवण घेऊन आली आणि दारातच थांबली. "हे काय, बाळंतिणीसारखं गुंडाळून काय ठेवलंय त्याला?"

"तडकेल म्हणून," मी म्हणालो.

"मला शिकवता? माझा बाप चुली घालायचा." तिने टोप ओट्यावर आपटला. "पोराची आठवण येते तर त्याला सरळ सांगा ना! मातीला कशाला छळताय?"

"आमच्या घरात असं कोणी सांगतं का?"

"नाही ना सांगत. म्हणून तर ही दशा." असं म्हणून ती टोप तिथेच ठेवून निघून गेली. मी ते कालवण रागाने खाल्लं. चांगलं होतं.

सालोमीचं मी ऐकलं नसतं. पण मेच्या सुरुवातीला भर दुपारी सुधाकरभाऊ न सांगता आले आणि मी नेमका तांब्याने चेहऱ्यावर पाणी शिंपडत होतो. त्यांनी तांब्याकडे बघितलं, गोणपाटाकडे बघितलं. मी काहीतरी पुटपुटलो, ऊन फार आहे वगैरे. ते खुर्ची ओढून त्या बिनडोळ्यांच्या चेहऱ्यासमोर बसले. बराच वेळ बसले.

मग म्हणाले, "अँथनीभाऊ, आमच्या बायकांनी पौर्णिमेच्या पांढऱ्या साड्या आत्ताच कडक इस्त्री करून ठेवल्यात. रोज विचारतात, कसा झालाय हो? मी सांगतो, अजून सुकतोय. आता त्यांना काय सांगू?"

बास, एवढंच. रागावले असते तर मी दुप्पट रागावलो असतो. पण या माणसाने तीन महिने माझ्यावर भरवसा टाकला होता आणि मी त्याच्या बुद्धाचा टेलिफोन करून ठेवला होता. मला माझीच लाज वाटली. ते गेल्यावर मी गोणपाट उचललं आणि खुराड्यावर टाकलं. चेहरा उन्हात ओढला. बारीक भेगा गेल्या त्यात चुना आणि माती भरली. आठवडाभरात तो असा खणखणीत सुकला की नखाने ओरखडा निघेना.

टेम्पोत गाद्या घालून आम्ही तो विरारला नेला. उन्नतीने प्रोजेक्टर भिंतीला पक्का केला, त्याला तो काळा डबा पुन्हा जोडला, आणि स्क्रू कोणी हात लावून ढिले करू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांवर लाल नेलपॉलिश लावून टाकलं. केनीने शेवटचे डोळे बसवले. मी फोन धरून उभा होतो.

"बसले, पप्पा."

"हो. बसले."

"आता सरकणार नाहीत ना?"

"नाही. आता नाही."

 मी फोन अजून तसाच समोर धरून होतो. मग तो म्हणाला, "चला, मग ठेवतो," आणि त्याने ठेवला.

पौर्णिमेला विहार भरून गेला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मेणबत्त्या, सगळ्यांचा एका सुरात वंदनेचा आवाज. मग चार-चार जण त्या छोट्या खोलीत जाऊन बसायचे. आत अंधार, माझ्या बावखलाच्या मातीचा चेहरा, आणि त्यावर माझ्या पोराने केलेले डोळे. पापणी उचलायची, मिटायची. एक म्हातारी बाहेर आली आणि सुधाकरभाऊंना म्हणाली, "श्वास घेतायत रे." माझ्या अंगावर काटा आला. शेजारी बघितलं, कोणाला सांगू? सगळे आपापल्या माणसांबरोबर होते. मला खीर दिली, शाल दिली, कौतुक केलं. मी एकटा रिक्षा करून घरी आलो. पडवीत प्रोजेक्टरच्या स्टँडची जागा रिकामी दिसत होती. मी शाल घडी करून मार्थाच्या कपाटात ठेवली आणि तसाच कपाटाला टेकून उभा राहिलो. त्या घरात मला एवढं एकटं कधीच वाटलं नव्हतं, मार्था गेली त्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी निदान केनी घरात होता.

रविवार आला. जेवलात का, जेवलो. दुसरा रविवार आला. गोळ्या घेतल्या का, घेतल्या. त्याला आणखी काही बोलायचं होतं असं मला वाटलं. मलाही होतं. दोघांनी फोन ठेवला.

त्यानंतरच्या बुधवारी सुधाकरभाऊंचा फोन. "अँथनीभाऊ, डोळे सरकलेत."

"शक्यच नाही," मी ओरडलो आणि तसाच निघालो.

दुपारचा एक वाजला असेल. खोलीत गेलो तर खरंच, डोळे खळग्यातून निसटून गालांवर आले होते. दिसायला इतकं वाईट की मी आधी प्रोजेक्टरच बंद करायला निघालो. मग म्हटलं, थांब. बघू दे. चेहऱ्यावर नख मारलं, दगड. बुडाशी हात फिरवला, ओल नाही, भेग नाही. स्टुलावर चढून स्क्रू बघितले. नेलपॉलिश जसंच्या तसं, कुठे टवकासुद्धा उडालेला नाही.

"माती अजून आकसली का हो?" सुधाकरभाऊंनी विचारलं.

मी उत्तर देणार होतो, हो, आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं. माती आकसली की चेहरा खाली जातो आणि डोळे वर राहतात. कपाळावर. मार्चपासून मी ते कपाळावरच बघत होतो. हे खाली आले होते. डोळे खाली यायचे तर चेहरा वर जायला हवा. सुकलेली माती कधी वाढते का? माती जागची हलली नव्हती. प्रोजेक्टर हलला नव्हता. उरला तो काळा डबा, आणि त्या डब्याला हात लावू शकणारा जगात एकच माणूस होता, त्याने आयुष्यात कधी चिखलात हात घातला नव्हता, आणि दर वेळी डोळे खाली ओढायच्या सवयीने याही वेळी ते खालीच ओढले होते.

 मी बाहेर पायरीवर येऊन बसलो आणि फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेतीन-चार, त्याच्या सुट्टीची रात्र. पहिल्याच रिंगला उचलला.

"पप्पा? माती आकसली ना पुन्हा? मला वाटलंच. धरा फोन समोर, मी आत्ता मोकळाच आहे."

मी अजून एक शब्द बोललो नव्हतो.

"केनी," मी म्हणालो, "आकसली की डोळे वर चढतात रे. हे खाली आलेत."

मी आवाज खाली आणला.

"माती वाढत नाही, बाळा."

 तो हसल्यासारखा झाला, आणि ते हसू मध्येच कुठेतरी मोडलं. "तुम्ही भिजवायचं बंद केलंत," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"एप्रिलच्या उन्हात माती एवढे दिवस ओली राहते का पप्पा? मला दिसायचं ना फोनवर, गळ्याशी पाणी ओघळलेलं असायचं. मी वाट बघायचो आता कधी सरकतंय याची. मग तुम्ही बंदच केलंत. मला वाटलं, कंटाळलात."

 रस्त्यावरून एक टेम्पो गेला, तो जाईपर्यंत मी फोन कानाला घट्ट धरून ठेवला.

"इथे कोणी नाही पप्पा," केनी म्हणाला. आता तो लपवत नव्हता, रडत होता. "कामावर हेडफोन लावून सगळे आपापली खोकी उचलतात. खोलीवर येतो तेव्हा बाकीचे बाहेर गेलेले असतात. तुमचा तो चेहरा मी दिवसभर स्क्रीनवर उघडून ठेवायचो. घरात कोणीतरी आहे असं वाटायचं."

"इकडेही कोणी नाही रे," मी म्हणालो. साठी उलटली माझी, आणि हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. बायकोला नाही, फादरला नाही, कोणालाच म्हणालो नव्हतो. "तू गेल्यापासून कोणी नाही. मला तुझी फार आठवण येते, केनी."

आतून सुधाकरभाऊ दाराशी आले. "काय म्हणतोय मुलगा? होईल ना दुरुस्त? संध्याकाळी लोक येतील."

"होईल," मी म्हणालो. "जरा वेळ द्या भाऊ. मी माझ्या पोराशी बोलतोय."